बिनचहाचा क्लब

प्रिय अण्णा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. रागात माणसानं खोटं लिहू नये. काल तुमचं तेरावं झालं. लोकांनी तुमच्या कौतुकानं घर डोक्यावर घेतलं आणि मी कोपऱ्यात बसून मान डोलावत राहिलो. चौदाव्या दिवशी तरी धाकट्या भावाला खरं बोलू द्याल की नाही? तुमच्या तोंडावर ते कधी जमलं नाही. आता तुम्हाला मधेच तोडता येणार नाही, म्हणून लिहितोय.

काल टेंभुर्णीचे पाहुणे आले होते. तुमच्या फोटोला हार घातला आणि ताटावरून उठायच्या आत विषय काढला. "अण्णांनी शब्द दिला हाय. घरात मयत झाली, आता वर्साच्या आत पोरीचं उरकायला पायजे की!" सगळ्यांनी री ओढली. माझी सुमन तिथंच पाणी वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाप काही बोलेल ही आशाच तिनं सोडलेली! अण्णा, ते फार लागलं हो. आणि मी काय बोललो? "शुक्रवारी कळवतो."

हे सगळं कशामुळे ओढवलं, सांगू? एका कप चहामुळे!

सुमननं मावशीकडे राहून विमान उडवायचा पहिला परवाना मिळवला, तेव्हा सोलापूरच्या आपल्या शुक्रवार पेठेत पेढे तुम्हीच वाटलेत. ते मी विसरलो नाही. पण नोकरी देणारा पुढचा परवाना हवा तर उड्डाणाचे तास हवेत, आणि त्यासाठी एखाद्या क्लबकडून तासावर विमान घ्यायला हवं, हे ती समजावून सांगायला लागली तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "तासावर? म्हंजे टांगा की गं! घोडं कुटं बांधत्यात?" मग गंभीर झालात. "एक वरीस देतो. झाले तास तर उड. न्हाय तर टेंभुर्णीचं स्थळ." वर्ष तुम्ही दिलंत. आणि ते मातीत कुणी घातलं?

क्लब बघायला आपण निघालो ते थेट स्थळ बघायला निघाल्यासारखे. तुमची नवी टोपी, माझं परीटघडीचं धोतर, सुमन दोन पावलं मागं. पहिल्या क्लबात सेक्रेटरी दारापर्यंत सामोरे आले. "मूळ गाव कुठलं म्हणायचं?" तुम्ही जेऊर म्हणालात मात्र! "जेऊर? मग तुमी आपलेच की वो! माझी आत्या दिली हाय तितं." खुर्च्या आल्या, पोहे आले, बशा भरभरून चहा आला. आत्याची नणंद आपल्या कुठल्या मावशीची जाऊ, हे निघेपर्यंत तास गेला. त्या पोरीला लागणाऱ्या तासांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

सुमननंच विचारलं, "विमान बघता येईल?"

हँगरमध्ये एक विमान होतं. पंख्याच्या मागे, इंजिनावरच्या झाकणाच्या फटीतून वाळलेल्या काड्या लोंबत होत्या. चिमणीनं घरटं केलं होतं! आणि मी, चाळीस वर्षं पोरांना कविता शिकवलेला मास्तर, काय करावं मी? हरखलो! "पाहा पाहा, आकाशातल्या पाहुणीनं लोखंडी पाखराच्या पोटात घर थाटलं!" असं काहीतरी मोठ्यानं म्हणालो. सेक्रेटरींनी 'वा मास्तर' म्हणून दाद दिली. सुमननं माझ्याकडे पाहिलं. वर्गात हुशार मुलगी ढ मुलाकडे पाहते, तसं. ज्या इंजिनात चिमणी संसार मांडते ते किती महिने फिरलं नसेल, हे तिला दिसलं. मला उपमा दिसली.

"एकदा सुरू करून दाखवाल?" तिनं विचारलं.

"आज अवस हाय ताई. अवसंला आमी इंजिनाला हात लावत न्हाय."

आणि तुम्ही माझ्या कानाला लागलात, "बघ माधव. नेमाधर्माची माणसं!"

दुसऱ्या क्लबात कुणी या म्हटलं नाही. खाकी अर्ध्या चड्डीतला, सैन्यातून निवृत्त झालेला शिक्षक ऑइलचे हात पुसत पुढे आला. "चहा मिळत नाही इथे. विमानं बघायचीत ना? ती उभी आहेत." दोन उभी होती, तिसरं नुकतंच उतरत होतं. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशी कोण किती वेळ उडालं ते खडूनं लिहिलेलं. सुमन विचारत गेली. विमान बिघडलं तर किती दिवस बसून राहतं? सुटे भाग कुठून येतात? वारा आडवा असला तर एकटीला सोडता का? तो माणूस पहिल्यांदा नीट उभा राहिला आणि एकेका प्रश्नाचं उत्तर देऊ लागला. इतक्यात एका विमानाचं इंजिन सुरू झालं. अण्णा, लगागा लगागा लगागा लगागा! अस्सल भुजंगप्रयात, कुठे मात्रा सांडलेली नाही. तेव्हाच मला कळलं होतं की पोरीची जागा इथे आहे. कळलं होतं!

मग त्यानं विचारलं, "मुलीचे वडील कोण? कुठे पाठवायचंय ते त्यांनी सांगावं."

आणि मी तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही म्हणालात, "मी थोरला. घरी जाऊन कळवतो." बाहेर येताच एस्टीच्या थांब्यावर फैसला. "माणूस उर्मट हाय. पाण्याला विचारलं न्हाय. आपली लेक परक्यात टाकायची व्हय? ती जेऊरकडची माणसं लई मायेची." सुमन म्हणाली, "अण्णा, मला माया नकोय, विमान हवंय." तुम्ही ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि सोलापूर येईपर्यंत खिडकीतून ढग मोजत बसलो.

वर्षभर त्या मायेच्या क्लबातून तिची पत्रं यायची. "बाबा, आज विमान उडालं नाही. सुटा भाग यायचाय. सेक्रेटरींच्या घरी काकूंनी शेंगाची पोळी केली होती." पुढच्या आठवड्यात तेच, फक्त पोळीच्या जागी धपाटे. तासांची वही कोरी, आणि पोरगी गुटगुटीत! एकदा ट्रंककॉल करून तिनं क्लब बदलू का विचारलं. तुम्ही फोनवर ओरडलात, "त्यांच्या घरचं अन्न खाल्लंस, आता उठून जाणार? तोंड कुटं दाखवू?" वर्ष संपलं. झालेले तास बोटांवर मोजून बोटं उरली. तुम्ही टेंभुर्णीला शब्द देऊन टाकलात. आणि नंतर तुम्हीच गेलात!

अण्णा, तू चुकलास. साठ वर्षांत पहिल्यांदा तुला 'तू' म्हणतोय. चुकलास, चुकलास, चुकलास! यंत्राला कूळ विचारलंस. आणि चुकल्याचं कळल्यावर कबूल करायची छाती तुला झाली नाही. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की तू ओट्यावर येऊन उगाच वर बघायचास, विमान जात नसतानाही. मी पाहायचो की! एकदा तरी म्हणायचंस, "माधव, पोरीचं वाटोळं केलं मी." मग आपण दोघांनी मिळून ते निस्तरलं असतं.

पण तुमच्यावर एवढा ओरडतोय त्याचं मूळ मला ठाऊक आहे. तुम्ही तिच्या वाटेत उभे होतात हे खरं, पण मीच तुम्हाला तिथं उभं केलं होतं. बाप कोण, हा काय अवघड प्रश्न होता? कितव्या इयत्तेतला?

सकाळी वहिनींना सांगितलं, टेंभुर्णीला नकार कळवतोय. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, तुमचे अण्णा शेवटच्या आठवड्यात मला म्हणत होते, त्या चड्डीवाल्या सायबाचा पत्ता माधवकडं असंल का गं?" अण्णा! मला का नाही विचारलंत? होता की पत्ता! कवितांच्या वहीत जपून ठेवलाय!

तर ऐका. शुक्रवारी टेंभुर्णीला जाऊन तुमचा शब्द मी मोडून येणार. शिव्या बसतील, त्या माझ्या नावावर. सोमवारी पहिल्या गाडीनं सुमनला घेऊन त्या क्लबात जाणार. सांगितल्यापासून ती तासांची वही काढून तिला कव्हर घालत बसली आहे. वर्षाच्या आत काय उरकायचं ते ठरलं: तिचे तास.

तो साहेब विचारील, वडील कोण? या खेपेला मी कुणाकडे पाहणार नाही.

चहाची काळजी करू नका. थर्मास भरून नेतोय. त्यालाही एक कप देईन.

सुमनचा बाप,
माधव