रस्सा चाखणारी

कर्वेनगर, पुणे
होळीनंतरचा रविवार

प्रिय नंदा,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन करून करून थकले म्हणून लिहायला बसले. फोनवर तुझी तीनच वाक्यं असतात: मी बरी आहे, जेवण झालं, ठेवते आता. त्यातलं जेवणाचं वाक्य खोटं आहे हे तुझ्या संजयनं मला सांगितलंय. त्याच्यावर चिडू नकोस. दशरथभाऊ गेल्यापासून आई पानावर बसते, दोन घास चिवडते आणि उठते, सुनेनं काही केलं तर बरं की वाईट हेसुद्धा बोलत नाही, असं पोरगं सांगत होतं. तू, आणि कुणाच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीस! पत्राला 'ठेवते आता' म्हणता येत नाही, तेव्हा चष्मा लाव आणि मुकाट्यानं वाच.

संक्रांतीच्या सुमारास आमचा दिग्विजय आणि सूनबाई अपेक्षा आम्हा दोघांना मॉलमध्ये घेऊन गेले. हिंजवडीच्या रस्त्याला नवीन झालाय, दिग्विजयच्या कंपनीपासून जवळच. सर्वांत वरच्या मजल्यावर खाण्याचा सगळा बाजार. आत शिरले तर अशी थंडी, की बाहेर दुपारचं ऊन असून मी पदर कानावरून घेतला. आमचे हे म्हणाले, इथे भाजी ठेवली तर आठवडाभर टिकेल. दारावर मोठी पाटी: आशियाई खाद्यदालन. चिनी, थाई, मलेशियाचं, कोरियाचं, एकेका देशाचा एकेक गाळा, आणि पार कोपऱ्यात, पाणी पिण्याच्या जागेशेजारी, 'अस्सल मराठी'. मी अपेक्षाला विचारलं, आपण कसे गं यात? ती म्हणाली, आई, आपणही आशियातच येतो. आता आमचं यवतमाळ आशियात आहे हे शाळेत शिकवलं असेलच, पण मला ते त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

खायच्या आधी प्रत्येक गाळ्यावर जरा जरा चाखायला देतात. द्रोणात, काडीला टोचून, इवल्याशा कागदी पेल्यात. फुकट! पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर फुकट काही मिळालं की आधी संशय येतो, पण अपेक्षा मागेच लागली, आई, ट्राय तर करा! मग मी निघालेच. थाई गाळ्यावर नारळाच्या दुधातला हिरवा रस्सा होता. जिभेवर ठेवला आणि म्हटलं, हा वास ओळखीचा आहे. अगं, गवती चहा! आपण सर्दी झाली की उकळतो तो, यांनी रश्श्यात घातलाय. मलेशियाच्या गाळ्यावर उपासाची दाण्याची आमटी घट्ट करून पनीरला फासली होती. चिन्यांच्या उकडलेल्या करंज्या बऱ्या होत्या, सारण मात्र कोबीचं, आणि कोबीसुद्धा कच्चट. एकेक घास घेताना मला सारखं वाटत होतं, आत्ता नंदा असती तर काय म्हणाली असती. कोरियाच्या तिखट लोणच्याला तू नक्की 'झणका आहे' म्हणाली असतीस. करंजीवाल्याला तू तिथेच चार शब्द सुनावले असतेस, आणि मी तुझा पदर ओढत राहिले असते.

शेवटी आमचा कोपऱ्यातला गाळा. तिथे पिठलं चाखलं. नंदा, पिठल्यात साखर! मी अपेक्षाला म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं, की हे पिठलं आहे की पातळ केलेला बेसनाचा लाडू? मागे काळा कोट घातलेली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी उभी होती, ती खुदकन हसली. तिचं नाव प्रियदर्शनी, ती त्या सगळ्या दालनाची व्यवस्थापक. म्हणाली, काकू, माझी आजी अचलपूरची, मलाही हे पिठलं गिळवत नाही. हा गाळा पाडव्याच्या आधी रिकामा होतोय, आम्ही घरगुती हाताचं माणूस शोधतोय, तुम्ही वऱ्हाडी काही करता का? मी काही बोलायच्या आत अपेक्षानं आपल्या खानावळीचा सगळा इतिहास तिच्यापुढे ओतला. कॉलेजची पोरं, मग सॉफ्टवेअरची पोरं, दोन्ही वेळचे डबे, सगळं. मी नको नको म्हणत होते, पण खरं सांगू? आतून उकळ्या फुटत होत्या. दशरथभाऊंची बदली होऊन तू चंद्रपूरला गेलीस आणि लगोलग दिग्विजयनं खानावळ बंद करायला लावली, तेव्हापासून मी टीव्हीसमोर बसून वाटाणे सोलते, दुसरं काय.

ठरलं असं, की मी तीन पदार्थ करून न्यायचे आणि त्यांची माणसं ते चाखणार. मी गोळाभात, ठेचा आणि पाटोडीचा रस्सा ठरवला. माळ्यावरून खानावळीचं मोठं पातेलं काढलं. वाटण भाजलं, बेसनाच्या पाटोड्या थापल्या, रस्सा उकळला, वर तेलाचा तवंग आला तेव्हा आमचे हेसुद्धा स्वयंपाकघरात डोकावून गेले. मग त्या थंडगार मजल्यावर, काचेच्या खोलीत, चार जण एकेक चमचा घेऊन बसले. गोळाभातावर खूश झाले. ठेच्यानं एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं परत घेतला. आणि मग रस्सा. एक गृहस्थ चमचा खाली ठेवून म्हणाले, हेल्दी आहे. प्रियदर्शनीनं हळूच विचारलं, काकू, मीठ राहिलं का हो?

राहिलंच होतं. चिमूटभरसुद्धा घातलं नव्हतं. आणि का, ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, देवाच्या आधी जीभ लागली की अन्न उष्टं. सासूबाई गेल्या, पण माझा हात कधी तोंडाकडे गेला नाही. देवाची वाटी बाजूला काढून ठेवली तरी नाही. खानावळ सुरू झाली, पोरं कुरकुरायला लागली, तेव्हा तू शेजारच्या खोलीतून आलीस, तळहातावर थेंब घेतलास आणि म्हणालीस, दुर्गे, तुझ्या देवाला अळणी चालत असेल, पोट्ट्यांना नाही चालत. तुझ्या घरी नैवेद्याची भानगड नव्हती, बुद्धाची तसबीर आणि समोर उदबत्ती. त्या दिवसापासून रश्श्याचं मीठ तुझं. मी पातेलं उतरवून हाक मारायची आणि तू येऊन मीठ घालायचीस. आपल्याकडून डबा घेणाऱ्या इंदुबाईंनी नाक मुरडलं होतं तेव्हा, तू चाखलेलं देवाला कसं चालतं म्हणून. मी म्हटलं, देवाची वाटी आधीच निघते, आणि तुमच्या पोटाला चालत नसेल तर डबा बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा रिकामा डबा दारात हजर. घरच्या चार माणसांचं मी अंदाजानं घालते, आणि आमचे हे अळणी आमटीलाही छान म्हणतात. पण त्या दिवशी मोठं पातेलं समोर आलं आणि हात जुन्या वळणावर गेला. मीठ तुझ्यासाठी ठेवून दिलं आणि तू चंद्रपुरात आहेस हे विसरून गेले.

मी त्या काचेच्या खोलीत हे सगळं सांगून टाकलं. दुसरं काय करणार? म्हटलं, आमच्याकडे करणारी एक आणि चाखणारी दुसरी, चाखणारी नवऱ्याची बदली झाली म्हणून गावाकडे गेली. चौघं हसले, मीही हसले, पण घरी येताना रिक्षात मला रडू आवरेना. आमचे हे बिचारे, रस्सा परत आला म्हणून रडते असं समजून, मला वाटेत उसाचा रस पाजत होते.

प्रियदर्शनीनं पुन्हा एकदा यायला सांगितलं होतं. अपेक्षा म्हणाली, आई, आता तरी चाखायला लागा की, देव काही बोलणार नाही. सांगायला सोपं आहे. त्या दिवशी सकाळी देवाची वाटी काढली, तळहातावर थेंब घेतला आणि तशीच उभी राहिले, सासूबाई दारात उभ्या असल्यासारखी. थेंब निवला. दुसरा घेतला. मग डोळे मिटून चाटलाच. आणि नंदा, काय सांगू तुला! मी जन्मभर सगळ्यांना वाढून झाल्यावर, तळाचा, गार झालेला रस्सा खाल्ला. चुलीवरून उतरलेला गरम रस्सा मी कधी खाल्लाच नव्हता. अगं, मी चांगला करते गं रस्सा! मला कुणी सांगितलंच नाही. तू सांगितलं असशीलही, पण तुझं कौतुक म्हणजे 'ठीक आहे, वाढ'. मी ओट्यापाशी उभी राहून वाटीभर प्यायले, मीठ घातलं, परत प्यायले. अपेक्षाला वाटलं, सासू बिघडली.

रस्सा त्याच दुपारी पुन्हा नेला. त्या हेल्दीवाल्या गृहस्थांनी दोनदा मागून घेतला. गाळा आपल्याला मिळाला. पाडव्याला सुरू होतोय. कामाला दोन बायका ठरल्या आहेत, धायरीच्या, चटपटीत आहेत. शेजारी कोरियाचं दुकान आहे, तिथला माणूस मला आत्तापासूनच वाकून नमस्कार करतो आणि लोणचं आणून देतो. दिग्विजय अजून तोंड वाकडं करतो, आई या वयात कशाला म्हणून. पण पाटी त्यानंच करायला टाकलीय.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. संजयला मी म्हटलं, आईला इकडे पाठव. तो म्हणाला, मावशी, तुम्ही तिला सांगा की तुम्हाला मीठ कळत नाही, तिच्याशिवाय दुकान चालणार नाही. काम आहे म्हटलं तर येईल, नाहीतर 'माझं आता कुणाला काय काम' म्हणून बसून राहील. मी तसं पत्र लिहायलाही घेतलं होतं. दोन ओळींच्या पुढे जाईना. तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही, आणि तुला ते पहिल्या ओळीत कळलं असतं. म्हणून जसं आहे तसं लिहिलंय. मला मीठ कळतं. माणसं मिळाली आहेत. तुझ्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही, नंदा. तरी ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय, तसबिरीसाठी भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय. काम करू नकोस, नुसती खुर्ची टाकून बस, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेव, माझ्याशी भांड, कंटाळलीस की परत जा. दशरथभाऊंना आठवून रडायचं असेल तर रड, मी शेजारी बसेन. आजवर आपण एकमेकींना कामासाठीच हाका मारल्या. आज काहीही काम नाही, नुसतीच हाक मारतेय.

संजय शनिवारी गाडीत बसवून देईल. मी स्टेशनवर उभी असेन.

तुझीच,
दुर्गा