रिकामा होल्डर

४ जून, बुधवार

आज पुन्हा बंद! पंधरा दिवसांतली तिसरी वेळ. सकाळी सातला लेकीचा फोन – "बाबा, चावी फिरवली की नुसती टकटक होते. गाडी चालूच होत नाही." घरोघर जाणारी नर्स ती. आठ वाजता ज्या आजींना इन्सुलिन द्यायचं असतं, त्या हिची वाट बघत उपाशी बसून राहतात. शेवटी शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून गेली.

मी म्हटलं, इकडे आण, बघतो. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. गॅरेजला देते."

राहू द्या! चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडण्यात गेली, आणि पोटची पोर म्हणते राहू द्या. कारण मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून मी खाली गेलो आणि विसरलो. पातेलं काळं ठिक्कर, जिन्यात धूर, सगळी बिल्डिंग दारात. तेव्हापासून जावईबापू मागे लागलेत – महिनाअखेर आमच्याकडेच राहायला या, एकटं राहणं पुरे. म्हणजे ही खोली, खिडकीखालचं हे टेबल, माझी हत्यारं, सगळ्याला कुलूप. दूध काय, कुणाचंही करपतं.

५ जून, गुरुवार

गाडी बारक्याच्या गॅरेजवर. बारक्या माझा चेला. वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आला तेव्हा खरंच बारका होता, आता गाडीखाली शिरताना पोट आत ओढून घेतो. त्यानं इंजिनाला रेस देऊन बॅटरीवर व्होल्टमीटर लावला. चौदा. "अल्टरनेटर ठणठणीत आहे उस्ताद. वीज तयार होतेय. बॅटरीच गेलीय." नवी टाकली.

मला पटलं नाही. जुनी बॅटरी याच वर्षीची. पण लेक घाईत होती, गप्प बसलो.

७ जून, शनिवार

नवी बॅटरीही झोपली. दोन दिवसांत!

लेक संध्याकाळी आली ती रडवेली होऊनच. कामावरच्या बाईंनी सुनावलंय – रोज उशीर होणार असेल तर आजींना दुसरी नर्स देऊ. मी म्हटलं, उद्याचा एक दिवस मला दे. बिघाड सापडला नाही तर मुकाट्यानं सामान बांधतो. सापडला तर तुझ्या नवऱ्याला सांग, पुन्हा तो विषय काढायचा नाही.

मला वाटलं हसेल. हसली नाही. "बरं," म्हणाली.

आता माझी इभ्रत त्या गाडीच्या हातात. हत्यारं पुसून ठेवलीत. काही विसरू नये म्हणून यादीही केलीय.

८ जून, रविवार

सापडला!!

नीट लिहून ठेवतो.

आधी गाडीला हात लावलाच नाही, लेकीला विचारलं. पेशंटला आधी विचारायचं, मग सुई टोचायची, असं म्हटल्यावर जराशी हसली. विचारलं, पंधरा दिवसांपूर्वी काय बदललं? म्हणाली, "माझे पेशंट बदलले. आधी लांब जावं लागायचं, मोठ्या रस्त्यानं. आता सगळे जवळचेच. दोन गल्ल्या गेले की थांबायचं, पुन्हा चालू करायची."

मग विचारलं, चावी फिरवल्यावर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो का?

"नाही. तो हल्ली लागतच नाही. म्हणजे चांगलंच ना बाबा?"

तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला.

व्होल्टमीटर लावला. गाडी धक्का मारून चालू केली. इंजिन सावकाश चालताना बारा – म्हणजे बॅटरीत काहीच भर पडत नाहीये. जोरात रेस दिली तर काटा टुणकन चौदावर. बारक्यानं रेस देऊनच बघितलं आणि फसला. तो लाल दिवा नुसता धोका दाखवायला नसतो. अल्टरनेटरला जागं करायला सुरुवातीला थोडीशी वीज लागते, ती या जुन्या गाडीत त्या दिव्यातूनच जाते. दिवा नसेल तर अल्टरनेटर झोपलेला. जोरात पळवलं तर आपला आपण उठतो, गल्लीबोळात उठत नाही. म्हणून मोठ्या रस्त्यानं जात होती तोवर काही कळलं नाही.

डॅशबोर्ड उघडला. लेकीनं टॉर्च धरला. दिवा उडालेला असेल असं वाटलं होतं. पण होल्डर रिकामा! दिवाच नाही. आणि शेजारी, स्पीडच्या काट्यामागच्या होल्डरमध्ये तोच, त्याच मापाचा दिवा. सैल बसू नये म्हणून त्याला तांब्याच्या बारीक तारेचा एक वेढा दिलेला. ही तर माझी पद्धत! मी सोडून फक्त बारक्याला येते. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग त्याच्याकडेच झालं होतं. एकाचा काढून दुसऱ्याला लावला आणि विसरला पठ्ठ्या. मला राग आला, आणि खोटं का बोलू, शिकवलेलं ध्यानात ठेवलंय म्हणून थोडं बरंही वाटलं.

नवा दिवा बसवला. चावी फिरवली – लाल दिवा लागला. इंजिन चालू – विझला. रेस न देता चौदा!

लेकीनं टॉर्च बाजूला ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी टेकायची तसंच. "सामान बांधू नका," म्हणाली.

आज पोटभर जेवलो.

९ जून, सोमवार

बारक्याच्या गॅरेजवर जाऊन चांगलं फैलावर घेतलं. चार गिऱ्हाइकं उभी होती, तरी थांबलो नाही. हजारदा शिकवलं तुला, चार्जिंगच्या त्या लाल दिव्याला हात लावायचा नाही! आणि वर माझीच तार गुंडाळून ठेवतोस?

तो फडक्यानं हात पुसत ऐकत होता. तारेचं ऐकलं आणि हात थांबले. माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झालं असेल उस्ताद, आमच्याकडूनच. चुकलं. बसा, चहा मागवतो."

बसलो नाही. चहाही घेतला नाही. निघताना मागून विचारतो, "घरी सोडू का तुम्हाला?" पाच मिनिटांच्या रस्त्याला कशाला सोडायला हवं?

१० जून, मंगळवार

सकाळी सातला फोन नाही. म्हणजे चालू झाली.

११ जून, बुधवार

आजही नाही. जावईबापूंचा मात्र आला – "बाबा, मानलं तुम्हाला." मी म्हटलं, त्यात काय एवढं. दिवसभर तेच आठवत होतो.

१२ जून, गुरुवार

दुपारी लेकीचा फोन. जुनी बॅटरी चांगलीच निघाली, दुकानदार ती परत घ्यायला तयार आहे, पण विकत कधी घेतली ते सांगा म्हणतो. "तुमच्या वहीत असेल बाबा. तुम्ही सगळं लिहिता ना."

वही मागे मागे चाळत गेलो. बॅटरीची तारीख सापडलीच नाही. त्याआधी हे पान लागलं. जसंच्या तसं उतरवतो –

"९ मार्च, रविवार. लेक येऊन गेली. तिच्या गाडीत स्पीडच्या काट्यामागचा दिवा उडालेला, अंधारात वेग दिसत नाही म्हणाली. दुकानं बंद. तात्पुरता म्हणून चार्जिंगचा दिवा काढून तिथे बसवला, सैल होता, तार गुंडाळली. तिला काही बोललो नाही. उद्या नवा आणून जागेवर लावणे. विसरू नये."

'विसरू नये'खाली दोन रेघा. अक्षर माझं. तासभर वही मांडीवर घेऊन बसलो. तो रविवार काही केल्या आठवत नाही. लेक आलेली आठवत नाही, गाडी उघडलेली आठवत नाही.

बारक्यानं तारेवरून ओळखलं होतं.

१३ जून, शुक्रवार

लेकीला फोन केला. म्हटलं, सुट्टी झाली की गाडी घेऊन ये. आधी बारक्याकडे जायचंय, मग डॉक्टरकडे. घाबरली. "काय झालं बाबा? गाडीत अजून काही बिघाड राहिलाय का?"

म्हटलं, गाडीत नाही.