नापास खळ

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सोबत खळीची तिसरी बरणी पाठवते आहे. बटाट्याचा स्टार्च आणि सोयाबीनची प्रथिनं, बाकी पाणी. डॉक्टरांनी तुला सरळ सांगितलंय ना, एक तर पिवळ्या डब्यातला तो उग्र गोंद सोड, नाहीतर पुस्तकबांधणी सोड. बांधणी तू सोडणार नाहीस, म्हणून हा खटाटोप. मामी फोनवर म्हणाली, दुकानातून वर घरी येताना दम लागून तू जिन्यात दोनदा बसतोस, आणि विचारलं की पायऱ्या मोजतोय म्हणतोस. वयाच्या साठीत मोजणी शिकतोयस, कौतुक आहे.

या खळीने दोन पुस्तकं बांधून धाड. अठरा तारखेला आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई नमुने बघणार आहेत. मामीला नमस्कार, आणि तुझा लोभ नेहमीसारखाच कुरकुरत का होईना, असू दे.

तुझी भाची

१० मार्च

चि. शास्त्रज्ञबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खळ पोचली. काय सांगू, अप्रतिम! अशी खळ मी उभ्या जन्मात पाहिली नाही. ब्रशला लागते काय, बसते काय. दोन्ही पुस्तकं पाठवतो आहे, बाईंना खुशाल दाखव. आमची प्रकृती उत्तम. मामी आठवण काढते. माया आहेच, ती कळवावी लागते होय?

तुझा मामा

१५ मार्च

ती. मामास,
सा. न.

‘वि. वि.’ आज नाही, कारण विनंती करायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच शंका आली. सव्वीस वर्षांत तू माझ्या कशालाही ‘अप्रतिम’ म्हटलेलं नाहीस. मी पहिली आले तेव्हा ‘बरं आहे’ म्हणाला होतास. म्हणून तुझं एक पुस्तक वाफेवर धरलं. माझी खळ स्टार्चची, वाफेने दहा मिनिटांत सुटायला हवी. तासभर धरलं, पाठ ढिम्म हलली नाही. मामा, हा पिवळा डबा आहे! मला खूश करायला तू पुन्हा तेच विष छातीत ओढलंस?

बाईंना मी काहीही दाखवणार नाही. मला शाबासकी नको आहे रे, मला तू हवा आहेस. खरं काय झालं ते लिही.

रागावलेली, पण तुझीच
भाची

२१ मार्च

चि. फौजदारीणबाईंस,
अ. आ.

गुन्हा कबूल. तुझ्या खळीने बांधलेले पुठ्ठे वाळल्यावर होडीसारखे वाकले. वर पेला ठेवला तर घरंगळला. तू सहा महिने राबलीस, त्यात तुझ्या बाईंची तारीख डोक्यावर. ‘नापास’ लिहायला हात धजेना. म्हणून ती दोन पुस्तकं डब्यातल्या गोंदाने बांधली. त्यानंतर तीन दिवस मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर मुक्कामाला होतो. मामी बोलत नव्हती, हे त्याहून वाईट. चुकलो, बाळा.

आता खरं ऐक. तुझी खळ फार पातळ आहे. पुठ्ठा ती पिऊन टाकतो आणि मग वाकतो. पाणी कमी कर. शिवाय तिसऱ्या दिवशी तिला असा वास सुटला की मामीने माझे मोजे धुवायला टाकले.

शरमिंदा मामा

९ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाणी निम्म्यावर आणलं, लवंगेचं तेल घातलं. मोज्यांची माझ्या वतीने माफी माग. तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या की असा परीक्षक प्रयोगशाळेत एकही नाही. काम सुरू ठेवायला त्यांनी होकार दिलाय. चौथी बरणी धाडते आहे. या वेळी दया दाखवलीस तर मी येऊन तुझा ब्रश जप्त करीन. मामीला खूप प्रेम, तुला मोजकं.

भाची

२४ एप्रिल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

चौथी बरणी नापास. पेला आता उभा राहतो, पण डुलतो. पाठ मात्र सुरेख बसते, कोपरे आवळून धरते.

पिवळा डबा मी स्वतः दुकानाबाहेर काढला, मामीने ढकलायच्या आत. वाचनालयाच्या बाईंना सांगून आलो की त्यांची बांधणीला आलेली पुस्तकं उशिरा मिळतील. त्या म्हणाल्या, थांबू. आज मधे कुठेही न टेकता जिना चढलो. मामी वरच्या दारात उभी होती, तिने पदर डोळ्याला लावला.

तेव्हा पाचवी खळ सावकाश कर. घाई नको. मला आता दम धरता येतो.

तुझा
मामा