नदीकाठच्या टेकाडावरचा महापूर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खड्ड्यात पालथं पडून माती घासायची सवय असल्याने तो हल्ली छान जमतो). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला हटला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे, अब्रूचं मात्र काही खरं नाही. फोनवर तू हसतेस, म्हणून पत्र.

आमच्या टेकाडावर माणसं हजारो वर्षं घरांवर घरं बांधत राहिली. त्यामुळे जुनं खाली, नवं वर, हा उत्खननातला पहिला धडा. यंदा माझ्या खड्ड्यात सगळंच उफराटं निघालं. जुनी खापरं वर, नवी खाली! दुसऱ्या कुणी थोडा विचार केला असता, मी थेट महापूर आणला. नदीने गाव कसं उलथंपालथं केलं ते उत्खननाच्या मुख्य साहेबांना हातवारे करून सांगितलं आणि त्याच भरात अण्णांना फोन लावला. अण्णा चक्क "शाब्बास" म्हणाले. जन्मभर गवंडीकाम केलेला हा आपला बाप, मी वर्गात पहिला आलो तेव्हाही "भिंतीला टेकू नकोस, ओली आहे" एवढंच बोलला होता, आठवतं ना? खोटं कशाला सांगू, मी तंबूत जाऊन रडलो.

परवा आणखी खाली गेलो, तर निळं प्लॅस्टिक लागलं. हंगाम संपला की आम्ही तळाशी प्लॅस्टिक अंथरून माती परत लोटतो, पुढच्याला कळावं की इथवर खणून झालंय. गेल्या वर्षी ते मीच अंथरलं होतं. (वरच्या थराचा ढीग जवळ होता म्हणून तोच आधी लोटला, त्यामुळे नवी माती तळाशी गेली.) यंदा शेजारी खणायचं होतं, पण हद्दीची खुंटी मी कपडे वाळत घालायला दुसरीकडे ठोकली होती, म्हणून पुन्हा तोच खड्डा खणला. साहेबांनी प्लॅस्टिककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पूर ओसरला का?"

तिकडे अण्णांनी रविवारी अख्ख्या आळीसमोर महापुरावर माझं भाषण ठेवलंय. खुर्च्यासुद्धा सांगून ठेवल्यात.

लोभ आहेच, हे वाचूनही उरला तर कळव.

तुझा,
धाकटा

ता.क. अण्णांना हे तू सांग ना. तुझ्यावर ते ओरडत नाहीत. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता.क. दुसरा: पाकीट चिकटवणार तोच अण्णांचा फोन आला आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. ते म्हणाले, "खड्डा तूच बुजवलास आणि तुलाच ओळखू आला नाही?" मी म्हटलं, "नाही." "मग बुजवलास चांगला. शाब्बास." भाषण कायम आहे. विषय तेवढा त्यांनी बदललाय: खड्डा कसा बुजवावा.