नव्याण्णव नंबरचं गंगावन

केप कोस्ट,
गुरुवार

ती. कुकुवाताईस,

धाकट्या अराबाचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे हल्ली एकदा टेकले की उठवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून या वेळी ते कागदावरच टेकवलेत. गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की अजून त्या कडू पाल्याच्या काढ्यावरच भागवतेस? शेजाऱ्यांची पहाटेची प्रार्थना अजून लाउडस्पीकरवरूनच चालते का? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक काहीच नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहायचं असतं.

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुला लग्नाला बोलवायला लिहीत नाही. माझ्या फीफीचं लग्न पुढच्या शनिवारी आहे आणि तू येणार नाहीस, हा तुझा निरोप फीफीनं मला पोचवला. ईस्टरला चॅपेलच्या हॉलमध्ये जे झालं ते झालं. तेव्हापासून आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस. थोरली आहेस, तुझा हक्क आहे. माझ्या डोक्याचं काय झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, आणि हे डोकं तुझ्याइतकं दुसरं कोणी ओळखत नाही, एवढ्यासाठीच लिहिते आहे. मासळीवाली एफुवा उद्या सेकोंदीला जाते आहे, तिच्या हाती देते. पत्राला धुराचा वास आला तर तो तिच्या टोपलीचा, माझ्या रागाचा नव्हे.

तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं मी शाळेत मुलींची शिस्त सांभाळली. दर शनिवारी रांग लावायची, प्रत्येकीच्या केसात दोन बोटं घालायची, आणि बोटांच्या वर केस आले की कात्री. मुलींना भादरायचं आणि आपण वेण्या मिरवायच्या हे बरं दिसत नाही, म्हणून मीही एकतीस वर्षं डोकं भादरूनच ठेवलं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा वाढू दिलं. दीड वर्षात चांगली वीतभर वाढ झाली. (ओढून धरले तर वीतभर. सोडले की पुन्हा टाळूला जाऊन बसतात, आपल्या घराण्याचे केस आहेत.) त्यांना मी कसलं औषध लावून सरळ केलं नाही. देवानं दिले तसे ठेवले, आणि खरं सांगते, आरशात बघून मला बरं वाटायचं.

मग आम्ही कुमासीला मुलीकडचं दार ठोठावायला, मागणी घालायला गेलो. (तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती. विहीणबाईंनी तिच्यावर आपली पर्स ठेवली.) विहीणबाईंच्या वेण्या कमरेखाली, प्रत्येक वेणीला सोन्याचं कडं, आणि बाई उठल्या की वेण्या त्यांच्यानंतर उठायच्या. पेयं देऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, परत डोक्यावर आल्या आणि म्हणाल्या, "फार सोयीचं डोकं आहे हो तुमचं." मी हसले. परतीच्या वाटेत, दोन तासांनी, मला ते कळलं. त्यात फीफी म्हणाला, "आई, लग्नात तरी केसांचं काहीतरी कर. नाहीतर फोटोत तू दारात उभी राहून पाहुण्यांची हजेरी घेतेयस असं दिसेल." ज्या मुलाचे लंगोट धुतले त्यानं हे म्हणावं.

म्हणून या सोमवारी मी कोटोकुराबा बाजारात वेण्या घालून घ्यायला गेले. दिवसभर स्टुलावर बसायचं, पाण्यातेलाचे डाग पडणार, चांगलं कापड कशाला खराब करा, म्हणून जुनं काळं-तांबडं कापड नेसून गेले. मयताला नेसायचं कापड आहे, मला माहीत आहे, पण डाग दिसत नाहीत. (हे कापड लक्षात ठेव, पुढे यायचं आहे.) दुकानात पाय ठेवला. तिघी बायका अर्ध्या वेण्या घालून बसल्या होत्या, चाळिशीच्या, पोराबाळांच्या. तिघींनी दोन्ही हात डोक्यावर ठेवून केस झाकले. मग तिघी उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मॅडम." मी सवयीनं "बसा" म्हटलं. दुकानाची मालकीण आतून बाहेर आली, ती बासीवा. बारा वर्षांपूर्वी हिचे केस अडीच बोटं निघाले होते म्हणून शाळेच्या भर सभेत मी याच हातांनी कापले होते. ती माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मी दाराकडे एकदा बघून घेतलं.

ताई, गंगावन घ्यायचं म्हणजे काय याची तुला कल्पना नाही. आपल्या वेळी काळा दोरा होता आणि मोठ्या बहिणीचे हात होते. आता भिंतभर केस टांगलेले असतात, जमिनीपासून छतापर्यंत, प्रत्येकाला नंबर. बासीवानं आधी माझ्या डोक्यात बोटं घातली (दोन, मी मोजली) आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या केसांचा प्रकार चार-सी." एकतीस वर्षं मी मुलींना दर्जे दिले, आता माझ्या टाळूला दर्जा मिळाला, तोही सी. मी म्हटलं, यात नापास कितीला होतात? ती म्हणाली, "नापास कोणी नाही, पण पोत जुळायला हवा." मऊ सुळसुळीत गंगावन आपल्या केसात टिकत नाही, लग्नात नाचताना गळून पडतं म्हणे. अस्सल माणसाचे केस हवेत तर तेही होते, हिंदुस्थानातून आलेले. तिकडच्या बायका देवळात जाऊन डोकं भादरून घेतात आणि केस देवाला वाहतात, ते हे. मी हात मागे घेतला. कुणा बाईनं काहीतरी नवस बोलून देवाला दिलेले केस मी डोक्यावर घेऊन आमच्या पाद्र्यासमोर बसू? तिच्या देवानं ओळखले तर? शेवटी कुरळा, जाडसर, आपल्यासारखाच खरखरीत धागा ठरला. इथवर सगळं शहाणपणानं चाललं होतं.

रंगावर गाडी अडली. बासीवा म्हणाली, "मॅडम, करडा मिसळलेला घ्या. मुळाशी तुमचे पांढरे दिसतायत, नुसता काळा उठून दिसेल." मला वाटलं, झालं, बारा वर्षांचा सूड निघाला, विहीणबाईंच्या शेजारी मला म्हातारी करून बसवणार. मी म्हटलं, रंग मी निवडीन. भिंतीसमोर उभं राहून मी एकेक गुच्छ तपासला आणि नव्याण्णव नंबर काढला. दुकानातल्या निळसर ट्यूबलाइटच्या उजेडात तो छान गडद कॉफीसारखा दिसत होता, भारदस्त, निवृत्त बाईला शोभेलसा. मी म्हटलं, हा आणि काळा, निम्मा-निम्मा. बासीवा म्हणाली, "मॅडम, एकदा बाहेर उन्हात नेऊन बघा." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. ती "येस मॅडम" म्हणाली आणि तिनं कंगवा उचलला. तिघी बायका आपापल्या पायांकडे बघत बसल्या.

सात तास मी बुटक्या स्टुलावर, माझं डोकं बासीवाच्या दोन गुडघ्यांत. "मान सरळ, मॅडम." "हलू नका, मॅडम." "थोडंसं दुखेल, मॅडम." कानशिलावरचे केस तिनं सैल धरले, तर मीच म्हटलं घट्ट ओढ, नीट दिसायला हवं. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. दुपारी तिनं मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी माझ्या हातात दिली, आणि मान न हलवता जेवताना मला एकदम आठवलं, असे दोन्ही कानांवर कोणाचे गुडघे यापूर्वी होते ते तुझे होते. तेव्हाही मी रडायचे आणि तू माझ्या डोक्यावर कंगवा आपटायचीस.

दुकानाच्या पायरीवरून उन्हात उतरले आणि पहिल्याच काचेत माझं डोकं दिसलं. तांबडं, ताई. कॉफी-बिफी काही नाही, सरळ तांबडं. एक वेणी काळी, एक तांबडी, एक काळी, एक तांबडी, आणि खाली तेच काळं-तांबडं कापड. चौकापर्यंत पोचले नाही तोच एकीनं माझा हात धरून "सोसायचं बाई" म्हटलं. मला वाटलं वेण्यांबद्दल म्हणतेय, मी म्हटलं हो ना, सात तास. पुढे केंकीवाली उठून उभी राहिली. पुढे आपल्या चॅपेलचे ब्रदर आटो भेटले. त्यांनी टोपी काढली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "सेकोंदीच्या ताई गेल्या का?"

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. नाही असं म्हटलं असणार, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या माणसानं शब्दापेक्षा पाणी खरं मानलं. त्यात त्यांची तरी काय चूक? तू गेल्या वर्षी तापानं किती आजारी होतीस ते सगळ्या गावाला माहीत. आठ महिन्यांत तू इकडे फिरकली नाहीस, मी तुझं नाव काढत नाही, आणि एक दिवस मी नखशिखान्त काळं-तांबडं लेवून रस्त्यानं चालले आहे. मीही तेच समजले असते. संध्याकाळी चॅपेलचं महिला मंडळ सांत्वनाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन दारात. (खुर्च्या परत नेताना त्यांचा चेहरा असा, जसं काही मीच त्यांना फसवलं.) मंगळवारी विहीणबाईंचा कुमासीहून फोन. मुलाची थोरली मावशी गेली असं त्यांच्या कानावर आलंय, घरात मयत असताना त्यांच्यात लग्न लागत नाही, तर तारीख पुढे ढकलायची का. मी म्हटलं माझी बहीण ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, "मग दार ठोठावायला आल्या नाहीत त्या? लग्नाला येतायत का?" मी नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिले. त्या म्हणाल्या, "बरं. शनिवारी बघू."

बुधवारी सकाळी बासीवा न बोलावता घरी आली. गावभर झालेलं तिनं ऐकलं होतं. मी वाट बघत होते की आता ही हसेल. ती हसली नाही. खाली बसून, शेपटीच्या कंगव्यानं, एकेक वेणी सोडवत बसली, संध्याकाळपर्यंत. कानशिलं सुजलेली बघून एवढंच म्हणाली, "मॅडम, आता महिनाभर इथे गंगावन नको, वजन सहन होणार नाही. दोऱ्यानं गुंडाळलेले केसच चालतील. पण दोरा आम्हाला येत नाही, तो तुमच्या वयाच्या बायकांना येतो." मी तिला म्हटलं, त्या दिवशी सभेत तुझे केस कापले ते चुकलंच माझं. ती म्हणाली, "अर्धंच बोट जास्त होतं, मॅडम." आणि कंगवा पुसून गेली. मी आता शेवरीची उशी फुटावी तसं डोकं घेऊन हे लिहिते आहे.

तर अशी सगळी गंमत. कोणी तुझ्या दारात सांत्वनाला आलं तर घाबरू नकोस, चहा देऊन परत पाठव. काढा बंद कर, गोळी घे.

तुझी, डोकं सोडून बाकी सुखरूप,
अराबा

ता. क. - तू लग्नाला यावंस असं मी म्हणत नाही. पण तू जिवंत आहेस हे विहीणबाईंना आणि चॅपेलला कोणीतरी दाखवायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला नीट जमेल असं वाटत नाही.

ता. क. २ - येताना तो केसांचा टोप घालून ये. तोच, ईस्टरचा. "ताईच्या डोक्यावर कोंबडी बसलीय, अंडं देईपर्यंत कोणी हलवू नका," असं मी भर हॉलमध्ये म्हणाले आणि सगळ्या हसल्या. तापानं तुझे केस गेलेत हे मला माहीत नव्हतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. मला माहीत होतं. फीफीनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मला तेव्हापासून लाज वाटते आहे, ताई. तो टोप तुला छान दिसतो, आणि पहिल्या रांगेत तुझ्या शेजारी बसून मी ते मोठ्यानं म्हणणार आहे.

ता. क. ३ - पुढच्या शुक्रवारीच ये, लग्नाच्या आदल्या दिवशी. काळा दोरा मी आजच आणून ठेवलाय, कंगवाही आहे, तो माझ्या डोक्यावर आपटलास तरी चालेल. तुला मागे बसायला पायरीही झाडून ठेवते. फक्त गुडघे तुझे लागतील.