अंकज्ञान वर्ग आणि धुळ्याला पोचलेले डिंकाचे लाडू

जून १९९२

तीर्थरूप अभिमनभाऊंच्या पायांवर धाकट्या पुष्पाचं डोकं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुमचा गुडघा आता कसा आहे? रिटायर मास्तरांनी दिवसातून दहादा गच्चीचा जिना चढू नये असं डॉक्टर म्हणतात, पण तुम्ही डॉक्टरचं ऐकलंत तर आमचे भाऊ कसले! इकडे सगळं ठीक आहे. केळीला पाणी पुरतंय, लाइट पुरत नाही. ह्यांची तब्येत उत्तम आहे, कारण मी ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून हे घरात फारसं बोलत नाहीत (तब्येतीचा आणि बोलण्याचा काय संबंध असं वहिनी विचारतील, त्यांना मी समोर भेटल्यावर सांगेन).

मागच्या पत्रात तुम्ही दोन प्रश्न विचारले होते. एक, मेंबर झालीस पण काम काय करतेस? दुसरा, आमच्या सासूबाई वैशाखात न कळवता तुमच्या दारात कशा काय उभ्या राहिल्या? भाऊ, ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा पंचायत समितीचं पत्र आलं. ज्या मोठ्या माणसांना आकडे, वजनमाप, घड्याळ कळत नाही त्यांच्यासाठी गावात अंकज्ञान वर्ग काढा, अनुदान आम्ही देतो, थोडा वाटा ग्रामपंचायतीनं घालावा. हे पत्र मासिक सभेत वाचलं गेलं तेव्हा सरपंच तोतारामआबा गावाच्या कमानीचा नकाशा बघत होते. गावाला वेस नाही, रस्ता धड नाही, पण कमान हवी, आणि तिच्यावर आबांच्या वडिलांचं नाव हवं. आबा मला हळूच म्हणाले, "पुष्पाबाई, पैसे आलेत ते हिशेब न येणाऱ्यांसाठी. त्यातले थोडे कमानीकडे वळवले तर त्यांना कळणार कसं?"

मी म्हटलं, "त्यांना नाही कळणार आबा, पण मला हिशेब येतो ना."

बाईच्या राखीव जागेवर सातवी पास बाई निवडून आणल्याचा पश्चात्ताप मी त्यांच्या तोंडावर स्पष्ट पाहिला. पण ठराव झाला, अनुदान आलं, आणि शिकवायला दुसरं कोणी तयार नसल्यामुळे वर्ग आमच्याच ओसरीवर, दिवेलागणीनंतर, माझ्याच गळ्यात पडला.

आता खरी गंमत. अनुदानात फळा होता, पाट्या होत्या, भिंतीवरचं एक मोठं घड्याळ होतं आणि प्रत्येक शिकणाऱ्याला एक नवा कंदील होता. रोज संध्याकाळी लाइट जाणाऱ्या गावात सरकारी कंदील म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दवंडी फिरली आणि एका दिवसात अख्खं गाव अडाणी झालं! किराणा दुकानवाला वना आला, जो तराजूच्या काट्याला डोळ्यानं वाकवतो. सोसायटीचा सेक्रेटरी आला. आणि सगळ्यांच्या पुढे पाटी घेऊन बसले झुलालनाना, रिटायर पोस्टमन! मी म्हटलं, "नाना, तुम्ही जन्मभर लोकांच्या मनिऑर्डरी वाटल्या, तुम्हाला हिशेब येत नाही?" तर म्हणाले, "बाई, त्या सरकारच्या हिशेबानं वाटल्या. माझ्या हिशेबानं वाटल्या असत्या तर आज कंदिलासाठी आलो असतो का?" (ह्यावर तुम्ही काय बोलला असता? मी नाव लिहून घेतलं.)

ज्यांच्यासाठी वर्ग होता त्या बाया मात्र ओसरीसमोरून पदर सावरत निघून जायच्या. एकीला मी हात धरून आणायला गेले तर म्हणाली, "त्या पंडितांपुढे आम्ही बोटं मोजत बसायचं? नको गं बाई." आणि आमच्या सासूबाई! त्यांचं तुम्हाला माहीत आहे, नाव बेबाबाई असलं तरी घरात हुकूम त्यांचाच. वर्ग सुरू झाला की त्या मधल्या दारात आमच्याकडे पाठ करून बसायच्या आणि सुपातल्या डाळीला उद्देशून बोलायच्या, की सून मेंबर झाली, आता म्हाताऱ्या माणसांना घड्याळ शिकवते, उद्या चालायला शिकवेल.

मग विस्तार अधिकारी धनसिंगसाहेब तपासणीला आले. माणूस सज्जन, बोलणं कमी. त्यांनी सहज विचारलं, "सात आठे किती?" तर ओसरी दणाणली, "छप्पन्न!" मी मागून डोळे मोठे करतेय, मान हलवतेय, पण बक्षीस मिळणार असल्यासारखी सगळ्यांना चढली होती. वनानं पावशेराचे भाव सांगितले. नानांना तर राहवेना, त्यांनी उभं राहून पावकी आणि निमकीचे पाढे म्हणायला सुरुवात केली आणि कोणी थांबवेना म्हणून पाऊणकीही म्हटली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"बाई, हा अंकज्ञान वर्ग नाही, ही पतपेढीची सर्वसाधारण सभा आहे. मी पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. खरे गरजू दिसले नाहीत तर अनुदान दुसऱ्या गावाला जाईल." एवढं बोलून ते गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, कारण आबांनी कमानीचा नकाशा पुन्हा उलगडला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमच्या कोकिळाला, म्हणजे माझ्या नणंदेला, पाचोऱ्याला सासरी मुलगी झाली. सासूबाईंची पहिली नात. बारशाला सासूबाई एकट्या निघाल्या, कारण हे केळीच्या गाडीसाठी अडकले होते आणि मला तापानं धरलं होतं. पिशवीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, बाळाला लाल कुंची. जळगावच्या स्टँडवर गाडी बदलायची. त्या वर्षानुवर्षं बदलत आल्या होत्या, म्हणून आम्हाला काळजी नव्हती. त्यांना फलाटाचा आकडा वाचता येत नाही, पाटी वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. (आमच्या घरात त्या मलाच विचारायच्या, "किती वाजले बघ, मना डोळासले दिसत नही." आणि मी बावळट, त्यांच्यासाठी चष्म्याची चौकशी करत होते!) त्यांची स्वतःची खूण होती, उसाच्या रसवंतीसमोर लागते ती पाचोऱ्याची गाडी. ह्या वैशाखात रसवंतीवाल्यानं सावली बघून आपलं दुकान पलीकडे नेलं.

गाडी बरीच पुढे गेल्यावर शेजारच्या बायकांच्या बोलण्यावरून त्यांना कळलं की ही धुळ्याची आहे. तेवढ्यात कंडक्टर आला. गाडी थांबवा म्हटलं असतं तर गाडीभर हसू झालं असतं. आमच्या सासूबाई! ताठ बसून म्हणाल्या, "धुळा." जणू त्या धुळ्यालाच निघाल्या होत्या. आणि सुनेचा भाऊ तिथं राहतो म्हणून तुमच्या दारात आल्या.

तुम्ही लिहिलं होतं की लाडू फार चांगले होते, फक्त उन्हाळ्यात डिंक जरा उष्ण पडला. भाऊ, ते बाळंतिणीचे लाडू तुम्ही खाल्लेत. वहिनींना सांगा, त्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये, त्यांच्याविषयी गावात कोणी काही बोललेलं नाही. कुंची मात्र सासूबाईंनी पिशवीतून बाहेर काढली नाही.

परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की मनात आलं म्हणून धुळ्याला गेले. मग पाचोऱ्याहून माणूस आला. कोकिळाचा निरोप होता, की मुलगी झाली म्हणून आईनं बारशाला पाय ठेवला नाही, आता माहेरी येणार नाही. सासूबाई ऐकून घेत होत्या. डोळे भरले होते, पण तोंड उघडेना. मुलगी काय वाटेल ते समजो, आकडा येत नाही हे कोणाला कळू नये, एवढा त्यांचा हट्ट. मला काही काही उमगत होतं, पण त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. (मेंबर असले म्हणून काय झालं, शेवटी सून आहे.)

आणि धनसिंगसाहेब दुसऱ्यांदा आले. ओसरीवर तेच पंडित. ह्या वेळी मी सगळ्यांना चुकीची उत्तरं द्या म्हणून बजावलं होतं, पण वनाला चूक करायचीही धड सवय नाही, सात आठे पंचावन्न म्हणून त्यालाच इतकं वाईट वाटलं की लगेच "एक कमी सांगितला" म्हणाला. साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. इतक्यात मधल्या दारातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

सासूबाई ओसरीवर आल्या. आजवर ओसरीवर परके पुरुष असताना त्या उंबरा ओलांडून आल्या नव्हत्या. सगळ्या पंडितांकडे हात करून म्हणाल्या, "साहेब, मनं नाव लिखा. आठे बठ्ठा हुशार बसेल शेतस. माले घड्याय समजस नही, गाडीवरना आकडा समजस नही. नातनं बारसं पाचोराले, आनी मी धुळाले!"

कोणी हसलं नाही, भाऊ. मला तर रडूच आलं. साहेबांनी खुर्चीतून उठून त्यांना बसायला जागा दिली आणि शेऱ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. नानांनी स्वतःची पाटी पुसून त्यांच्यापुढे केली, कंदीलही ठेवला. (वनानं कंदील दुसऱ्या दिवशी परत केला, काच बदलून. मूळची काच चांगली होती असं माझं मत आहे.) आणि जिच्या तोंडाला अख्खं गाव भितं त्या बेबाबाईच पाटी घेऊन बसल्या म्हटल्यावर बाकीच्या बायांना लाजायला कारणच उरलं नाही. आठवड्यात ओसरी भरली. नाना आता माझ्या हाताखाली शिकवतात. अनुदान वर्षभर चालू राहणार असं लेखी आलंय. कमान अजून कागदावरच आहे.

सासूबाई शिकायला अवघड गेल्या, खोटं कशाला सांगू. सहा आणि नऊ ह्यांच्यावर त्यांचा आजही राग आहे. पण मागच्या आठवड्यात त्या एकट्या पाचोऱ्याला गेल्या. जळगावला कोणाला विचारलं नाही. स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं, फलाटाचा आकडा बघितला, गाडीच्या पाटीसमोर उभं राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि चढल्या. कोकिळानं आधी दार अर्धंच उघडलं म्हणे. मग सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच सगळं खरं सांगितलं, लाडवांसकट. दोघी आधी रडल्या, मग लाडू कोणी खाल्ले हे आठवून इतक्या हसल्या की बाळ जागं झालं. कुंची जरा घट्ट होते, पण घातली. मी इकडे घरी अगदी निश्चिंत होते, आणि पंचायतीच्या सभेत आमच्या वर्गाचं यश म्हणून ही हकिकत मी ताठ मानेनं सांगितली.

बाकी सर्व समक्ष बोलू. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची धाकटी बहीण,
पुष्पा

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. सासूबाई येत्या रविवारी तुमच्याकडे येताहेत. त्यांचं म्हणणं, एकदा गेलं तर लोक चूक म्हणतात, दोनदा गेलं तर येणंजाणं म्हणतात. तेव्हा कृपा करून त्यांना घ्यायला स्टँडवर जाऊ नका. त्या आल्या की "अरे वा, आज कशा काय?" एवढंच म्हणा. डिंकाचा विषय काढू नका.

ता. क. दुसरा. वर मी घरी निश्चिंत होते असं लिहिलंय ते खोटं आहे. त्या दिवशी मी गावापासून पाचोऱ्यापर्यंत त्यांच्या मागे मागे, पाठीमागच्या सीटवर, तोंडावर पदर ओढून होते. पाचोऱ्याच्या गाडीत कंडक्टर जवळ आला तेव्हा मी पैसे काढले, तर म्हणाला, "राहू द्या ताई, तुमचं तिकीट पुढच्या आजींनी काढलंय. सुटे पैसेही माझ्याकडून मोजून घेतलेत." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाचोऱ्याच्या स्टँडवरूनच परत फिरले. ह्या विषयावर आम्ही दोघी अजून एक शब्द बोललेलो नाही. तर रविवारी वहिनींना भाकरी दोघींच्या टाकायला सांगा.