डावं मडगार्ड

१० नोव्हेंबर

सु. पहाटेच्या एसटीने परत मोलगीला गेले. धडगावला गाडी बदलायची, तिथे तासभर उभं राहायचं. पायात सळी असलेला माणूस आठवडाभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी उभा असतो, आणि वर दर सोमवारी हे. मोटारसायकल डॉक्टरांनी बंद केली. त्यांनी केली नसती तर मी केली असती.

चारचाकी घ्यायची यावर एकमत. कुठली, यावरून वाजलं. यांनी म्हसावदला एक जुनी पाहून ठेवली आहे. उंच जीप, मागे समोरासमोर बाकडी, कंपनीने केव्हाच बंद केलेलं मॉडेल. मला न विचारता पाहून ठेवली, हे विशेष. "नव्या गाड्या घाटमा टिकतस नही," म्हणे.

बनवणाऱ्यानेच जी वस्तू बंद केली ती आपण का घ्यावी? स्टाफरूममध्ये विषय काढला तर निम्मे पुरुष त्या गाडीच्या आठवणीने हळवे झाले. त्यातल्या एकाकडेही ती आज नाही.

इथून पुढे तिचं नाव बं. मॉ. बंद मॉडेल. पूर्ण लिहायची तिची लायकी अजून ठरायची आहे.

१६ नोव्हेंबर

म्हसावदला जाऊन बं. मॉ. पाहिली. मालक आबा, साठीचे, केळी-पपईवाले. चहा झाला, पपई झाली, परत चहा. एवढा पाहुणचार माझ्या लग्नाच्या बोलणीतही झाला नव्हता.

तीन गोष्टी खटकल्या.

सु. अजून रिक्षातून उतरायचे होते, काठीही आतच होती, तोच आबा म्हणाले, "पाय आते कसा शे साहेब?" मी विचारलं, पायाचं तुम्हाला कसं माहीत? उत्तर आबांनी दिलं नाही, सु.नी दिलं. दवाखान्यातली ओळख आहे म्हणून. वर्गात एकाला विचारलं आणि शेजारच्याने सांगितलं की मी दोघांच्याही वह्या उघडते.

दुसरं, भाव. "तुम्ही सांगशात तो भाव, ताई." असं बोलणारा शेतकरी मी अख्ख्या शहादा तालुक्यात पाहिलेला नाही. वडील सारंगखेड्याला घोडा बघायला जायचे तेव्हा सांगायचे, दात नंतर बघायचे, विकणारा घाईत आहे का ते आधी बघायचं.

तिसरं, मागची लोखंडी पायरी. मधोमध झिजून चकचकीत. आबा म्हणतात, "घरनी गाडी शे. वावरमा जावाले, नही ते लगीनमा." घरच्या माणसांच्या पायांनी पायरी एवढी झिजते? किती लग्नं लावली यांनी?

परत येताना सु. खुशीत. बऱ्याच महिन्यांनी खुशीत पाहिले. तेही संशयास्पदच.

१९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर गाडी सलीमभाईच्या गॅरेजला. आबांनी ड्रायव्हरबरोबर पाठवली होती. दित्या नाव, पन्नाशीचा, डोंगराकडचा. नमस्कार केला आणि लांब जाऊन लिंबाखाली बसला, माझ्याकडे पाठ करून.

सलीमभाईने इंजिनाला कान लावून ऐकलं. एक नंबर म्हणाला, असं आता बनत नाही. मग पुढून वाकून बघताना मला हाक मारली. डावं मडगार्ड बदललेलं आहे, त्याच्या मागचा पत्रा ठोकून सरळ केलाय. आबांना फोन लावला. "बैलनी शिंग मारं व्हतं, ताई." सलीमभाईला सांगितलं तर तो हसला. "मॅडम, बैल पत्रा फाडतो. हा आत दबलेला आहे. मोटारसायकलच्या हँडलची उंची बघा."

मी बघितली. मग स्वतःच बोनेट उघडायला लावलं. बाहेरून गाडी राखाडी, आतून पांढरी. आरसी बुकातही रंग पांढरा.

मागची चटई उचलली तर खाली आंब्याच्या वाळलेल्या फोडी. आमचूर. म्हसावदच्या केळीवाल्याच्या लग्नातल्या गाडीत आमचूर कुठून आला? तो करतात डोंगरात, विकतात मोलगीच्या बाजारात. दोन फोडी रुमालात बांधून आणल्या. परीक्षेत चिठ्ठी सापडली की पेपरला पिनने टोचून ठेवते तशा.

का, ते इथे लिहून ठेवते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सु. मोलगीहून मोटारसायकलवर येत होते. धडगावला पोचायच्या आधी घाटात काहीतरी अंगावर आलं. यांना आठवतं ते एवढंच, वळण आणि पांढरं काहीतरी. धडगावच्या दवाखान्यात कुणीतरी दारात सोडून गेलं, नाव न सांगता. पोलिसांच्या कागदावर अज्ञात वाहन. त्या अज्ञाताला मी सात महिने रोज सकाळी देवापुढे शिव्या दिल्या आहेत. नेमाने, दिवा लावल्यावर.

२३ नोव्हेंबर

सु. काल आले. जेवू दिलं. आज सकाळी रुमाल उघडून समोर ठेवला.

"हाई काय शे?"

आमचूर, मी म्हणाले. तुमच्या घरच्या गाडीतला.

मडगार्डचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी चिडले. "तुले गाडी लेवानी शे का चौकशी करनी शे?" मी म्हणाले, दोन्ही. मग पेपर वाचत बसले. अर्धा तास एकच पान.

पंचवीस वर्षं कॉपी पकडते आहे. ज्याला काही माहीत नसतं तो रडतो, भांडतो. ज्याला माहीत असतं तो पान उलटत नाही.

आता मला आबांपेक्षा यांचा संशय येतो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

२५ नोव्हेंबर

सु. मोलगीला. मी एकटी म्हसावदला, शाळेतून परस्पर. आबा ओट्यावर होते. रुमाल तिथेही सोडला.

आबांनी एक फोड उचलली, वास घेतला, परत ठेवली. त्यांची बायको पाणी घेऊन आली होती, तिला हाताने आत जायला सांगितलं.

"मोलगीना बाजारले जाये गाडी. दित्या लयी जाये, भाडं मारे. मी तुम्हले सांगं नही, चुकनं."

मी विचारलं, आखाजीच्या आदल्या दिवशी कुठे होती?

 पपईच्या शेतात कुणीतरी मोटर चालू केली, आबांनी तिकडे मान वळवली. मग म्हणाले, "ताई, साहेबले इचारा. मी सांगू ते बरं दिसाव नही."

मी म्हणाले, पोलीस विचारतील. तर म्हणाले, "इचारू द्या." घाबरले नाहीत. याचाच मला जास्त राग आला. उठताना म्हणाले, गाडी आठ दिवस घेऊन जा, चालवून बघा, शुक्रवारी दित्या घेऊन येईल. नावावर करायचे कागदही दिले, त्यांची सही आधीच झालेली. माझी जागा कोरी.

कोऱ्या कागदावर आधी सही करणारा माणूस एकतर फार भला असतो नाहीतर फार हुशार.

२८ नोव्हेंबर

रजा टाकली. दित्याबरोबर मोलगीला. माझं गणित सोपं होतं, गाडी त्या रस्त्याने नेली की काहीतरी बोलेल. गाडी नाहीतर माणूस.

धडगाव सोडल्यावर घाट. एका वळणावर माझा फोन एकदम चारदा वाजला, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज. त्याआधी तासभर फोन मेलेला होता. दित्याने वळणाच्या आधीच गाडी अगदी हळू केली, हॉर्न दिला. "इथंच रेंज येते मॅडम. सगळे इथंच फोन करतात. मी आता इथं हळू घेतो."

आता म्हणजे कधीपासून? मालकाला विचारा, म्हणाला.

मोलगीला बाजार भरलेला. गाडी थांबते न थांबते तोच मागचं दार उघडलं आणि चार बाया गाठोडी टाकून आत बसल्या. मी खाली उतरून सांगितलं की ही भाड्याची नाही, विकली आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चुकीच्या गाडीत बसले आहे. दित्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, त्या हसल्या, उठल्या नाहीत.

सु. दवाखान्यातून आले, बरोबर तिथली मावशी. त्या चौघींतली एक म्हातारी यांना बघून खाली उतरली. आली ती सरळ वाकून यांचा पाय चाचपायला लागली, गुडघ्यापासून खाली, जनावराचा पाय बघतात तसा. सु. उभे राहिले मुकाट्याने. म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं.

म्हातारी तिच्या पावरी बोलीत बोलली, मावशीने मराठी केलं. त्या दिवशी साहेबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाजारला निघालेल्या बाकी सगळ्या बाया घाटात उतरल्या, साहेबांना आडवं करायला जागा दिली आणि चालत गेल्या. गाडी मागे फिरून धडगावला. हिचं आमचुराचं पोतं पायाखाली दिलं, ते रक्ताने गेलं.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण प्रश्न राहिला होता. मावशीला म्हणाले, विचारा, धडक कुणी दिली?

म्हातारी बराच वेळ बोलली. हात केला, वळण दाखवलं, मूठ कानाशी नेली, यांच्याकडे बोट केलं, परत बोलली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, "आठवत नाही म्हणते."

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी. मावशी जमिनीकडे बघत होती, दित्या टायरकडे, सु. कुठेच नाही. अख्ख्या बाजाराला माहीत असलेली गोष्ट मला एकटीला माहीत नव्हती.

परत येताना बाया मागे, सु. माझ्या शेजारी. त्या वळणावर माझा फोन वाजला. सु. केवढे दचकले. मागच्या बायाही बोलायच्या थांबल्या.

२९ नोव्हेंबर

कागदावर रस्ता काढला. जीप आपल्या डाव्या बाजूने वर चालली आहे. समोरून येणारा त्याच्या डाव्या बाजूने येत असेल तर जीपला लागणार उजवीकडे.

मार डावीकडे आहे.

दुसऱ्या कागदावर परत काढला. तेच. मीठ आणि हळदीच्या डब्या ओट्यावर फिरवून पाहिल्या, सु. दारात येऊन उभे होते ते कळलंच नाही. हळदीची डबी मिठाच्या बाजूला आली होती.

"त्यासनी माले उचली आनं. तितलं बस नही का?"

मी म्हणाले, तुम्ही त्यांच्या बाजूला कसे गेलात? एवढं सांगा, मग परत विचारणार नाही.

ते पाटावर बसले, पाय लांब करून. "फोन वाजना. मी खिसामा हात घाला. तितलामा वळन उनं."

कुणाचा फोन?

भाजी लागली खाली, गॅस बंद केला.  मी परत विचारलं.

"तुन्हा."

३० नोव्हेंबर

हीच वही. आखाजीच्या आदल्या दिवसाचं पान काढलं. माझंच अक्षर:

"दहाला सु.ना फोन, येताना गावरान आंबे आणा म्हणून. लागतच नव्हता, सहा वेळा केला. शेवटी उचलला, नुसता वारा ऐकू आला आणि तुटला. डोंगरातल्या रेंजची बोंब. पुरणाची डाळ भिजत घातली."

काखेत कळसा. सात महिने ही वही माझ्या उशाशी आहे.

सु. म्हणाले, सांगून काय करायचं होतं, तू जेवण सोडलं असतंस. ते खरं आहे. आबांनीही पहिल्याच भेटीत यांना विचारलं होतं, पोलिसांत जायचं का, आम्ही येतो. यांनीच नको म्हटलं. घरी कळेल म्हणून. गाडी आबांना रस्त्यावर नको झाली, विकून टाकायची होती, तर हेच म्हणाले मला द्या. का, ते विचारलं. तिने मला एकदा घाटातून खाली आणलंय, म्हणाले. एवढंच.

मला वाचवायला एक केळीवाला खोटं बोलला, ड्रायव्हर पाठ करून बसला, आणि एका म्हातारीचं म्हणणं मावशीने गिळलं. आणि मी रुमालात पुरावे बांधत फिरत होते. लाज वाटते. आणि तरीही, खरं लिहायचं तर, अजून मनात येतं की दित्या तरी वळणावर हळू होता का? आता हळू घेतो म्हणाला. तेव्हा?

अज्ञात वाहन माझ्या अंगणात उभं आहे. कागद कपाटात, माझी जागा कोरीच.

१ डिसेंबर

सकाळी देवापुढे दिवा लावला. रोजच्या शिव्यांच्या जागी आल्यावर काय म्हणावं सुचेना. तशीच उठले.

सु. गाडी घेऊन गेले, स्वतः चालवत. डॉक्टरांची परवानगी आहे, मी परत एकदा विचारून घेतली. डबा दिला. निघताना म्हणाले, सह्यांचं काय ते आज ठरव, आबांना कळवायचं आहे. मी म्हणाले, पोचा आधी.

आता दहा वाजले. धडगाव मागे पडलं असेल. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसले आहे, फोन समोर टेबलावर पालथा ठेवलाय. पोचल्यावर तेच फोन करतील.